माळावरची भावकी

कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे ओलांडलं की सागरेश्वराचे डोंगर लागतात. हे अभयारण्य माणसांनी उभं केलेलं आहे. बोडक्या डोंगरांवर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी झाडं जगवली, हरणं आणून सोडली आणि १९८५ साली या १०.८७ चौरस किलोमीटर रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथं सांबर, चितळ आणि काळवीट असे तिन्ही प्राणी दिसतात. आपण तिघांनाही हरीणच म्हणतो.

जरा शिंगांकडे बघा. सांबर-चितळाच्या शिंगांना फांद्या असतात. ती गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीटाचं शिंग पीळदार, बिनफांद्यांचं. आत हाड, वर खोळ, आणि ते जन्मभर टिकणारं. गाय, म्हैस, शेळी यांच्या शिंगांची घडण हीच. म्हणजे काळवीट चितळापेक्षा आपल्या गोठ्यातल्या शेळीला जवळचा. जाणकार सांबर-चितळाला मृग आणि काळवीटाला कुरंग असे दोन वेगळे शब्द वापरतात ते यासाठीच, आणि हे शब्द शाळेपासून शिकवायला हवेत असं मला वाटतं. काळवीटाचे खरे चुलतभाऊ आफ्रिकेत आहेत: गॅझेल आणि उंच उड्या मारणारा स्प्रिंगबॉक. उलट सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला मूळचा मृग एकही नाही.

रूपावरून नातं ठरवलं की सगळ्यात जास्त अन्याय होतो तो तरसावर. ओबडधोबड अंग, मागं उतरती पाठ, मानेवर आयाळ आणि तोंड कुत्र्यासारखं. म्हणून लोक त्याला कुत्र्यांत मोजतात. मांसभक्षक प्राण्यांच्या मांजराची आणि कुत्र्याची अशा दोन शाखा काही कोटी वर्षांपूर्वी फुटल्या. तरस मांजराच्या शाखेतला आहे, आणि त्याची सगळ्यात जवळची भावकी म्हणजे आपलं बांधावरचं मुंगूस. शेपटीखालच्या ग्रंथीतला वास दगडाला, गवताला घासून हद्द सांगायची सवय दोघांनाही आहे. जगात तरसाच्या चारच जाती उरल्यात. ठिपक्यांचा, तपकिरी आणि वाळवी खाऊन जगणारा आर्डवुल्फ हे तिघं फक्त आफ्रिकेत. चौथा पट्टेरी. तो आफ्रिकेतही आहे आणि आपल्या माळांवरही. मेलेलं जनावर हाडांसकट फस्त करून तो रान स्वच्छ ठेवतो. इतकं उपयोगाचं जनावर आपल्याकडे अपशकुनी ठरावं, याचं मला फार वाईट वाटतं.

पाणघोड्याला नाव घोड्याचं मिळालं, पण त्याचे सगळ्यात जवळचे जिवंत नातेवाईक देवमासे आणि डॉल्फिन. त्या गोतावळ्याचा एक मोठा पुरावा भारतातच सापडला. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटला भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड कित्येक वर्षं तसेच पडून होते. त्यांच्या निधनानंतर ते संशोधक हान्स थेविसन यांच्याकडे गेले. दगडातून कवटी मोकळी करताना कानाचं हाड उघडं पडलं आणि त्याची जाड कड थेट देवमाशाच्या कानासारखी निघाली. इंडोहायस नावाचा हा खुरांचा, मांजराएवढा प्राणी सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. २००७ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं.

हत्तीचंही तसंच. त्याचे नातलग म्हणजे समुद्रात गवत खाणारी समुद्रगाय आणि आफ्रिकेतल्या खडकांत राहणारा सशाएवढा हायरॅक्स. सेंगी नावाचा लांब नाकाचा आफ्रिकी प्राणी तर हुबेहूब आपल्या चिचुंद्रीसारखा दिसतो. पण रक्तानं तो हत्तीच्या बाजूचा, चिचुंद्रीशी त्याचा संबंध नाही.

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. कोल्हापूर संस्थानात काळवीटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. वाघ, बिबट्या हे चित्त्याचे लांबचे. त्याचा जवळचा भाऊ अमेरिकेतला प्यूमा. १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोच्या रानात आणले, तेही आफ्रिकी गोतातलेच.

आणि शहामृग? तो तर आपल्याकडेच होता. चाळीसगावजवळच्या पाटणे इथं सां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. त्यांचे मणी केलेले होते, एका तुकड्यावर रेषांची नक्षी कोरलेली होती. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. भारतातल्या अशा कवचांतून डीएनए काढून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की हा पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाचाच सगोत्र. लांब मान आणि उंच पाय बघून माळढोकही शहामृगाचा वाटतो, पण तो नाही. त्याचा भाऊ आफ्रिकेतला कोरी बस्टर्ड.

शहामृग गेला. चित्ता गेला. माळढोकासाठी १९७९ साली नान्नजला अभयारण्य केलं, तरी तो आता दिसणं दुर्मीळ झालं आहे. आफ्रिकेशी आपल्या माळांना बांधणाऱ्या या भावकीतला तरस मात्र अजून टिकून आहे. खडकाच्या कपारीत त्याची पिल्लं दिसली तर गर्दी करू नका, मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका, कपारीच्या तोंडाशी धूर करू नका. वनखात्याला कळवा आणि मागं फिरा. पिल्लांची आई अंधार पडला की येते.