प्रतिकृती रेल्वे एंजिनांतील विद्युत् दोष

खऱ्या रेल्वे एंजिनाच्या लहान, चालत्या प्रतिकृतीत शक्तिपुरवठा, जोडणी किंवा नियंत्रण यांत उत्पन्न होणारे बिघाड. प्रस्तुत नोंदीत अंकीय पद्धतीने नियंत्रित केलेल्या एंजिनांचाच विचार केला आहे.

जुन्या पद्धतीत रुळांतील एकदिश विद्युत् दाब कमीजास्त करून एंजिनाची गती व दाब उलटवून त्याची दिशा बदलीत. त्यामुळे एका मंडलावरील सर्व एंजिने एकदमच चालत. अंकीय पद्धत जर्मनीतील लेन्ट्स कंपनीने १९८० नंतरच्या दशकात विकसित केली व अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ मध्ये तिच्यावर आधारित मानके स्वीकारली. तीत रुळांवर पूर्ण दाब सतत असतो. मात्र त्याची दिशा क्षणोक्षणी उलटते. अर्ध्या स्पंदाचा काल ५८ मायक्रोसेकंद असल्यास ‘१’ व सुमारे १०० मायक्रोसेकंद असल्यास ‘०’ असा संकेत होतो. एंजिनातील ‘डिकोडर’ हे इलेक्ट्रॉनीय मंडल संकेत उलगडते, आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळते आणि रुळांवरील दाबाचे एकदिशीकरण करून मोटरीला स्पंदरूपाने शक्ती पुरविते.

दोषशोधन : एंजिन थांबताच डिकोडर जळाला, असा समज होतो. प्रत्यक्षात दोष बहुधा त्याच्या बाहेर असतो. म्हणून तपासणी रुळांपासून सुरू करावी व डिकोडरपर्यंत शेवटी यावे. सर्वच एंजिने थांबल्यास रुळांवर पडलेली धातूची वस्तू, सांधे किंवा फेरवळणाचा मार्ग यांमुळे दोन रुळांचा विद्युत् संपर्क झालेला असण्याचा संभव असतो. एकच एंजिन अडखळत असल्यास चाके व त्यांवर टेकणाऱ्या संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पुसाव्यात. आज्ञेप्रमाणे दिवा लागूनही एंजिन हलत नसल्यास शक्ती व संकेत पोहोचत आहेत, हे सिद्ध होते. अशा वेळी मोटरीच्या तारा, ब्रश व दंतचक्रे पहावीत. दिवाही न लागल्यास क्रमांक पडताळावा. नव्या डिकोडरचा क्रमांक सामान्यतः ३ असतो.

डिकोडरचे रक्षण : जुन्या अनेक एंजिनांत मोटरीचा एक ब्रश धातूच्या चौकटीला व तिच्याद्वारे रुळाला जोडलेला असे. ही जोडणी तशीच राहिल्यास रुळांवरील दाब डिकोडरच्या मोटरीकडील टोकावर थेट येतो आणि तो क्षणात जळू शकतो. म्हणून डिकोडर बसविण्यापूर्वी प्रत्येक ब्रश आणि चाके व चौकट यांच्यात विद्युत् मार्ग उरलेला नाही, याची ओहममापकाने खात्री करावी. तारांचे रंग ठरलेले आहेत : तांबडी उजव्या व काळी डाव्या रुळाकडील, नारिंगी व करडी मोटरीच्या. मोटरीचा आस रोखून धरला असता ती जो प्रवाह घेते, तो डिकोडरच्या क्षमतेपेक्षा कमी असावा लागतो. नव्याने जोडलेले एंजिन प्रथम क्रमांक नोंदण्यासाठी राखलेल्या वेगळ्या रुळावर ठेवावे. तेथील प्रवाह मर्यादित असल्याने जोडणीतील चूक बहुधा नुकसान होण्यापूर्वीच उघडकीस येते. मुख्य रुळांवर अनेक अँपिअर प्रवाह उपलब्ध असल्यामुळे तेथे तीच चूक दुरुस्तीपलीकडची ठरू शकते.