वर्गणी एकदाची, देखभाल जन्माची

राणीच्या बागेत मुलांना घेऊन तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. वाघ पाहिला, पेंग्विन पाहिले, भेळ झाली आणि पाय दुखायला लागले म्हणून भायखळा स्टेशनची वाट धरली. पण बागेच्या दाराजवळच एक देखणी, जुन्या घाटाची इमारत उभी आहे. तिच्या आत कधी गेलात का? बऱ्याच जणी ‘नाही बाई’ म्हणतील. हे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय, मुंबईतले सर्वांत जुने. आणि ते मुंबईकरांनी वर्गणी काढून उभारायला घेतले होते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

आज त्याची आठवण काढायला कारण आहे. तुमच्या गावातही एखादे जुने वाचनालय असेल, धर्मशाळा असेल, पडवीचा वाडा असेल, आजीच्या वेळची मुलींची शाळा असेल. ‘आता पाडून टाका नि वर मजले चढवा’ अशी कुजबुज तिच्याबद्दल सुरू झाली असेल. गिरगाव, दादर, लालबाग, परळ इथे तर हा विषय घरोघरी आहे. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालचे. गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी तिथे नाटके पाहिली आणि केलीही. २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी ते बंद झाले, तेव्हा आपल्या रंगमंचासाठी कलावंतांना आंदोलन करावे लागले.

अशा वेळी दोनच प्रश्न पुढे येतात. पैसा कुठून आणायचा? आणि एवढ्या जुन्या वास्तूचा आता उपयोग काय? भायखळ्याच्या या इमारतीच्या दीडशे वर्षांच्या कहाणीत दोन्हींची उत्तरे आहेत. काय चुकले तेही आहे, आणि ते जास्त शिकण्यासारखे आहे.

टाउन हॉलमधली सभा

१५ डिसेंबर १८५८. फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आज आपण एशियाटिक सोसायटी म्हणतो त्या इमारतीत, मुंबईच्या नागरिकांची सभा भरली. शहराला एक वस्तुसंग्रहालय आणि एक बाग हवी, असे ठरले. त्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेट, आपले नाना शंकरशेट. चिटणीस डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड.

नाना गिरगावचे. मुलींना शिकवणे म्हणजे पाप असे लोक मानत, त्या काळात त्यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली होती. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. गोरगरिबांना ते फुकट औषध देत. अशी माणसे दारात आली म्हणजे पैसे देणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. वर्गणी गोळा करायला निघण्याआधी कोणाला पुढे करायचे याचा विचार असा करावा लागतो.

हिंदू, पारशी, ज्यू अशा साऱ्या समाजांतून पैसा आला. डेव्हिड ससून यांनी तर बागेच्या दाराशी घड्याळाचा मनोरा बांधून दिला. तो आजही उभा आहे. १९ नोव्हेंबर १८६२ ला संग्रहालयाची पायाभरणी झाली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे नाव दिले ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’.

आला तसा गेला पैसा

त्या दिवसांत मुंबईत पैशांचा नुसता पूर आला होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जो तो शेअरच्या मागे लागला. मग १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि एका उन्हाळ्यात मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. भाऊ दाजींचेही अतोनात नुकसान झाले. त्याच वर्षी ३१ जुलैला नाना गेले.

संग्रहालयाच्या भिंती अर्ध्यावर राहिल्या. ज्यांनी आकडे घातले होते त्यांच्याच घरात आता चणचण होती. शेवटी सरकारने पैसे घालून काम पुरे केले आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडले.

पाहा मैत्रिणींनो, मोठ्या देणगीदारांच्या भरवशावर काम काढले की त्यांच्या नशिबाबरोबर आपलेही काम डुलते. दहा जणांनी दिलेले लाख आणि हजार घरांनी दिलेले लाख हिशेबात सारखेच दिसतात. पण दहांपैकी चार मागे सरले तर काम थांबते, हजारांतली शंभर घरे मागे सरली तरी निभावते.

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला होता. माणशी एक पैसा! त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तोही घरटी वर्गणीवरच. वर्गणी देणारा उत्सवाला ‘आमचा गणपती’ म्हणतो. जुन्या वास्तूलाही ‘आमची’ म्हणणारी घरे आधी मिळवावी लागतात.

तीन हात एकत्र आले

पुढे संग्रहालय महापालिकेकडे आले. १ नोव्हेंबर १९७५ ला त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. नाव मोठे झाले, पण दुरुस्तीकडे वर्षानुवर्षे हवे तसे लक्ष गेले नाही. छतातून पाणी, भिंतींना ओल, कपाटांवर धूळ. आपल्या माळ्यावरच्या सामानाचे होते ना, अगदी तसेच झाले.

२००३ साली तीन हात एकत्र आले. महापालिका मालक. जमनालाल बजाज फाउंडेशन देणगीदार. इंटॅक ही वारसा जपणारी संस्था जाणकार. तिघांनी लेखी करार केला. इंटॅकच्या वतीने तस्नीम मेहता या बाईंनी काम हाती घेतले, विकास दिलावरी हे वास्तुतज्ज्ञ लाभले. लोखंडी खांब, फरशा, सोनेरी वेलबुट्टी, लाकडी कपाटे, सारे जुन्या रीतीने पुन्हा नीट केले. २००५ मध्ये युनेस्कोचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले.

आता यातली मेख लक्षात घ्या. मालक, पैसा आणि जाणकार या तिघांपैकी एक जरी नसता तरी काम झाले नसते. नुसता पैसा असता तर कोणी तरी सिमेंट थापून, ऑइलपेंट फासून मोकळे झाले असते.

आणि पुढची गोष्ट तर आपणा बायकांना लगेच पटेल. एवढे देखणे काम झाले, तरी २०२० मध्ये कोविडमुळे बंद झालेले दार पुढे दुरुस्तीसाठी बंदच राहिले, ते २०२५ च्या जानेवारीत उघडले. पुन्हा गळती! याला नाव ठेवायचे कारण नाही. भांडी घासली म्हणून उद्या घासायची राहतात का? जुन्या वास्तूचे तसेच आहे. म्हणून एकदा मोठी वर्गणी काढून हात झटकणे चालत नाही. देखभालीचा पैसा पहिल्या दिवशीच वेगळा काढावा लागतो.

बंद घर लवकर पडते

राहत्या घरापेक्षा बंद घर लवकर मोडकळीला येते, हे तुम्ही गावाकडे पाहिले असेल. गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाउसचे दार १९९३ मध्ये लागले ते २०१६ पर्यंत. तेवीस वर्षे बंद राहिलेली ती वास्तू पुन्हा उभी करायला मालकांना केवढा खटाटोप करावा लागला!

उलट गावदेवीचे मणिभवन पाहा. हे एका सद्गृहस्थांचे राहते घर. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना पकडले तेही याच घराच्या गच्चीवरून. गांधीजींच्या निधनानंतर लोकांनी दिलेल्या देणग्यांतून गांधी स्मारक निधी उभा राहिला आणि या निधीने १९५५ मध्ये हे घर स्मारकासाठी घेतले. पण नुसती खोली कुलूपबंद करून फुले वाहिली नाहीत. तिथे ग्रंथालय केले, प्रदर्शन मांडले. १९४२ मध्ये गुप्त रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता यांनी पुढे अनेक वर्षे या संस्थेची धुरा वाहिली. माणसांची ये-जा राहिली म्हणून घरही राहिले.

भाऊ दाजी लाड संग्रहालयातही आता नुसती जुनी चांदीची भांडी आणि नऊवारीतल्या मातीच्या बाहुल्या नाहीत. नवी प्रदर्शने भरतात, मुलांसाठी कार्यशाळा होतात. घारापुरीचा दगडी हत्ती बाहेर उभा आहे. इंग्रज तो विलायतेला नेत होते, उचलताना त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून पुढे जोडले. मोडलेलेही मन लावून जोडता येते, हे मुलांना दाखवायला याहून चांगली जागा नाही.

तुमच्या गावात करायचे झाले तर

तुमच्या महिला मंडळाने असे काही मनावर घेतले तर पुढची यादी जवळ ठेवा.

पहिले कागद. वास्तू कोणाची? नगरपालिकेची, विश्वस्तांची की कोणा कुटुंबाची? मालमत्ता पत्रक काढून पाहा. मालकाची लेखी संमती हाती येईपर्यंत एक रुपयाही गोळा करू नका. वारसा इमारतींच्या यादीत तिचे नाव आहे का तेही विचारा. मुंबईत १९९५ पासून अशी नियमावली आहे. यादीत नाव असेल तर मनाला येईल तसे पाडता येत नाही.

दुसरे जाणकार. जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी आणि खर्चाचा अंदाज घ्या. आधी छप्पर आणि पाण्याचा निचरा, मग भिंती, रंगरंगोटी सगळ्यांत शेवटी. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ देऊ नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडते आणि भिंत आतून पोखरते.

तिसरा पैसा. काम नोंदणीकृत संस्थेच्या नावाने करा. संस्था नसेल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. बँकेत वेगळे खाते, दोघींच्या सह्या, प्रत्येकाला पावती. दर महिन्याला जमाखर्च दारावरच्या फळ्यावर लिहा. घरटी रक्कम लहान ठेवा, पण एकही घर वगळू नका. हळदीकुंकवाला वाण लुटण्याऐवजी ते पैसे निधीला, दिवाळीच्या फराळाची विक्री, नाटकाचा एखादा मदतीचा प्रयोग, असे मार्ग आपल्या हातातले आहेत. आणि जमलेल्या रकमेतला निदान चौथा हिस्सा कायम ठेवीत टाका. दरवर्षीची डागडुजी तिच्या व्याजातून.

चौथा उपयोग. ‘सोमवारी दुपारी तीन वाजता इथे कोण असेल?’ हा प्रश्न पहिल्याच सभेत विचारा. मुलांची अभ्यासिका, पाळणाघर, शिवणवर्ग, वडीलधाऱ्यांचे वाचन, काय ते ठरवा. उत्तर नसेल तर काम काढायची घाई करू नका.

पाचवी देखभाल. मृगाच्या आधी पन्हळी साफ करणे, कौले चाळणे, भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपे लहान असतानाच काढणे, वाळवी पाहणे. याला पैसा फारसा लागत नाही, लक्ष लागते. दोघीदोघींच्या पाळ्या लावून घ्या.

घरातून प्रश्न येईल, ‘तुम्हाला कशाला ही उठाठेव?’ त्यावर वाद घालू नका. जमाखर्चाची वही दाखवा आणि पहिली पावती त्यांच्याच नावाने फाडा!

हे सारे एकटीला जमणार नाही, पण सुरुवात एकटीला करता येते. या आठवड्यात गावातल्या त्या जुन्या वास्तूपाशी जा, तिथले पाणी कुठून गळते ते पाहा आणि शेजारच्या चौघींना सांगा. पाचवी बोलावण्याची वाट न पाहता येईल.