धातूची कवळी नीट बसली का, हे कसे ओळखावे?

तीन-चार दात पडले की पुष्कळ जण काढता-घालता येणारी कवळी करून घेतात. मजुरीतून पैसे साठवून केलेली ही कवळी टोचू लागली की डब्यात पडून राहते. दोष बहुधा तोंडाचा नसतो, कवळीच्या बसणीचा असतो.

अशा कवळीचा सांगाडा बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा असतो. वितळलेला धातू साच्यात ओततात. थंड होताना तो सुमारे २ टक्के आकसतो. म्हणून साच्याचा मसाला तेवढाच फुगणारा घेतात. मापात किंवा ओतण्यात थोडी जरी चूक झाली, तरी सांगाड्याचे टेकू दातांवर टेकत नाहीत, फट राहते. मग चावण्याचा भार हिरडीवर येतो, आकड्यांचा ताण चांगल्या दातांवर पडतो आणि तेही हलू लागतात. फटीत अन्न अडकून कीड लागते.

म्हणून कवळीत दात बसवण्याआधी नुसता सांगाडा तोंडात घालून पाहतात, ती भेट चुकवू नका. किनवटहून नांदेडच्या दंत महाविद्यालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. तरी ही खेप टाळू नका. सांगाडा जोर न लावता बसतो का? टेकू दातावरच्या खाचेत पूर्ण बसले का? बोटाने दाबल्यावर डुगडुगतो का? शंका असेल तर डॉक्टरांना तिथेच विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे. घरी पकडीने आकडे वाकवू नका. रात्री कवळी काढून, धुऊन पाण्यात ठेवा.