बजेट : थैली आणि तिचा धनी

'बजेट' हा शब्द मूळचा फ्रेंच 'बुझेत', म्हणजे चामड्याची लहान थैली. इंग्रजीत तो आधी थैलीस, मग तीतील ऐवजास लावला गेला. १७३३ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री वॉल्पोल यांच्या करयोजनेची खिल्ली उडविणाऱ्या एका पुस्तिकेने त्यांना थैली उघडणाऱ्या वैदूच्या रूपात रंगविले. थट्टेतला हा शब्द पुढे राजमान्य झाला. आज तो घरखर्चाच्या आखणीलाही लागतो आणि स्वस्त हॉटेललाही.

भारतीय राज्यघटनेच्या ११२व्या अनुच्छेदात मात्र तो नाही. तेथे 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' आहे. मराठीने त्याला 'अर्थसंकल्प' म्हटले. विवरण म्हणजे हिशेब. संकल्प म्हणजे वचन. थैली कोणीही उघडो, तीतला पैसा जनतेचा. तेव्हा संकल्पाला टाळी देण्यापूर्वी विवरण वाचणे, हे नागरिकाचे कर्तव्यच ठरते.