नागपूर करार
एकभाषक मराठी राज्य निर्माण होण्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा या विभागांतील नेत्यांनी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर येथे केलेला राजकीय करार. त्या वेळी हे विभाग अनुक्रमे मुंबई, मध्य प्रदेश व हैदराबाद या राज्यांत विखुरलेले होते. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, देवीसिंग चौहान प्रभृतींनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या.

भाषिक ऐक्य सर्वांस मान्य असले, तरी मोठ्या विभागाच्या बहुमतापुढे लहान विभागांचे हित कसे राखावे, हा वादाचा मुद्दा होता. बीडसह मराठवाड्यातील तत्कालीन पाच जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली असल्याने तेथे हा प्रश्न विशेष तीव्र होता. फिलाडेल्फिया येथे १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना घडविताना असाच पेच उद्‍भवला होता. तेथे एका सभागृहात लोकसंख्येनुसार व सीनेटमध्ये प्रत्येक राज्यास समान प्रतिनिधित्व देऊन तो सोडविण्यात आला. ही तडजोड संविधानातच समाविष्ट झाली. नागपूर करारास मात्र स्वतःचे असे कायद्याचे बळ नव्हते.

विभागवार खर्च, शासकीय नोकऱ्या व तांत्रिक शिक्षणातील प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात असावेत. विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपूरला व्हावे, अशी कलमे करारात होती. मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष पुरवून त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याचेही ठरले. तथापि ‘विशेष लक्ष’ म्हणजे नेमके किती, याचे माप त्यात नव्हते. केवळ लोकसंख्येच्या प्रमाणात होणाऱ्या खर्चाने पूर्वीची तफावत भरून निघत नाही, ही या सूत्राची मर्यादा होय.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. समतोल विकासाच्या तत्त्वास १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) द्वारे सांविधानिक आधार मिळाला. राज्याच्या सरासरीशी तुलना करून विभागीय अनुशेष मोजण्याचे काम वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८३-८४ मध्ये केले. वैधानिक विकास मंडळे मात्र १ मे १९९४ रोजी अस्तित्वात आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाने जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात बीड जिल्ह्यात सिंचनाची सोय केली. अशा कामांवरूनच करारातील आश्वासनाची पूर्तता तपासता येते.