पोल्ट्रीच्या खाद्यातलं तोकडं माप

ब्रॉयलरचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा जेमतेम 40 ग्रॅमचं असतं. सहा आठवड्यांत ते दोन किलोंच्या पुढे जातं, तेही मुख्यतः मका आणि सोयापेंडीवर. खरी गोम तिथेच आहे.

मक्यात लायसिन कमी, सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी. ही अमिनो आम्लं कोंबडीला स्वतः बनवता येत नाहीत. एखादं कमी पडलं की बाकीची कितीही असोत, मांस त्या तुटवड्याच्या मापानेच चढतं. पिसांची वाढही खुंटते. उरलेल्या आम्लांमधला नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेतून बाहेर पडतो.

जुना उपाय सरळ होता: पेंड वाढवा. महागडा, वर त्रासदायक. विष्ठेतल्या युरिक आम्लापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. मग शेडमधल्या ओल्या लिटरवर, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या भुशावर, पक्ष्यांचे तळपाय सोलवटतात, डोळे चुरचुरतात, श्वसनाचे आजार बळावतात.

त्याऐवजी टनामागे दोन-तीन किलो शुद्ध मिथिओनिन, थोडं लायसिन मिसळलं की पेंड कमी करता येते. मिथिओनिन बहुतांशी रासायनिक कारखान्यांत बनतं. लायसिन मात्र साखरेवर पोसलेले जिवाणू आंबवणातून देतात. हे तंत्र 1950 च्या दशकात जपानमध्ये उभं राहिलं. असं मिसळायचं तिसरं आम्ल म्हणजे थ्रिओनिन, आतड्याच्या बुळबुळीत संरक्षक थराला तेच लागतं.

कोंदट शेड किंवा दाटीवाटी यांवर मात्र ही पूड इलाज नव्हे. आणि सढळ हाताने टाकायचीही नाही: मिथिओनिन प्रमाणाबाहेर गेलं तर पक्ष्यांची भूक मंदावते, वाढ उलट घटते.