आवाजाला दारे धरताना

दौंड आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान असलेल्या, करमाळा तालुक्यातील माणसांची गाडीची सोय ज्याच्यावर अवलंबून आहे त्या जेऊर स्थानकावर, आमचे थोरले मामा तिकिटाच्या खिडकीशी हुज्जत घालताना मी पाहिले, तेव्हा त्यांच्या बहिरेपणाचे खरे स्वरूप मला प्रथम उमगले. कारण धडधडत गेलेली मालगाडी ज्यांनी स्पष्ट ऐकली होती, त्याच मामांना खिडकीतून आलेला ‘साठ’ हा आकडा ‘आठ’ असा ऐकू आला होता.

वार्धक्यात कान सगळ्याच आवाजांना सारखाच मंद होतो, हा समज खरा नाही. अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत ज्या सूक्ष्म केशपेशी असतात, त्यांपैकी उच्च स्वर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असून, वयपरत्वे बहुधा त्यांचाच ऱ्हास आधी होतो, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे ‘आ’, ‘ओ’ हे घुमणारे स्वर शाबूत राहतात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने हरवतात. “ऐकू येतंय रे, पण कळत नाही,” ही मामांची तक्रार अक्षरशः शास्त्रशुद्ध होती. आम्ही तिला हेकटपणा म्हणत होतो.

पुढे एका दुकानातून श्रवणयंत्र आणले गेले, कानात बसवले गेले आणि महिन्याभरात फडताळात गेले. दोष यंत्राचा नव्हता, जुळवणीचा होता. उजनीच्या फुगवट्याच्या आसऱ्याने ऊस-केळी काढणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही, की मोटार सुरू केली म्हणजे रान भिजले असे होत नाही; रात्रभर दारे धरून, कोणत्या वाफ्यात किती पाणी हे पाहणारा माणूस लागतो. श्रवणतज्ज्ञ आवाजाला दारेच धरतो. 250 ते 8000 हर्ट्‌झपर्यंतच्या निरनिराळ्या स्वरांवर कान तपासून जो आलेख निघतो, त्यावरून ज्या स्वरपट्टीत जितकी तूट, तितके तेथे बळ द्यायचे, असा स्थूल नियम. परंतु तो सरसकट लावला तर फसगत होते, कारण अशा कानाला हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही, आणि मोठा आवाज मात्र निरोगी माणसाइतकाच, क्वचित त्याहून अधिक, टोचतो. म्हणून कुजबुजीला भरपूर आणि आरडाओरड्याला थोडे, असा हिशेब यंत्रात भरावा लागतो. आणि प्रत्येकाच्या कानाची पोकळी निराळी असल्यामुळे, पडद्याजवळ बारीक नळी सरकवून तेथे प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजणे उत्तम. हा सोपस्कार पुष्कळ ठिकाणी टाळला जातो, आणि ते टाळणे मला गुन्ह्याइतकेच अक्षम्य वाटते.

यंत्र शिट्टी मारते ते कानात बसणारा त्याचा साचा सैल असल्याने, बाहेर निसटलेला आवाज पुन्हा यंत्रात शिरतो म्हणून. स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो तो कान बंद झाल्यामुळे. साच्याला बारीक भोक पाडले, की बहुधा हायसे वाटते. आणि भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर मेंदूला पुन्हा ओळखीची व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून फेरतपासणीच्या दोन-तीन खेपा गृहीतच धराव्या.

वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच विद्येचे शिक्षण देते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र अर्जदाराला श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी 3000 रुपयांचे साहाय्य मिळते. पण जेऊरहून तज्ज्ञाकडे पुन्हा पुन्हा जाण्यात जो दिवस मोडतो आणि जो रोजगार बुडतो, त्याची तरतूद घरच्यांनाच करावी लागते.

मामांचे यंत्र फडताळातून निघाले, नव्याने जुळवले गेले, आणि आता त्यांना ‘साठ’ ऐकू येतात. आपल्याही घरात असे एखादे यंत्र पडून असेल, तर ते धूळ झटकून तज्ज्ञाकडे न्या. आणि तोवर म्हाताऱ्या माणसाच्या कानाशी ओरडू नका, समोर उजेडात बसून सावकाश बोला.